स्वयंपाकघरातून जाणाऱ्या खुर्च्या

रविवारी दुपारची जेवणं उरकली आणि सूनबाईनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर खाकी कागद ताणला. पहिली कुरबूर झाली ती चिकटपट्टीवरून.

"रंग निघेल भिंतीचा," थोरले म्हणाले. ते नेहमीप्रमाणे पुढच्या जिन्याच्या तोंडाशी बसले होते.

"त्यांना सांगा," मागच्या जिन्याच्या दारात उभे असलेले धाकटे म्हणाले, "रंग निघाला तर मी देईन."

दोघा भावांच्या मध्ये सगळं मिळून एक स्वयंपाकघर होतं, आणि त्यात थोरल्यांची बायको, वहिनी. वहिनींनी मान उजवीकडे वळवली. "भाऊजी म्हणतायत, रंग ते देतील."

"ऐकलं मी. त्याला सांग, मागच्या वेळी दिलेला अजून हाताला लागतो."

वहिनींनी मान डावीकडे वळवली. "रंगाचं नंतर बघू म्हणतात, भाऊजी."

माहेरी आलेल्या लेकीनं पदराआड तोंड दाबलं. सूनबाई मात्र हसली नाही. तिनं पेन्सिल काढली आणि हातातल्या पिवळ्या चिठ्ठीवर काहीतरी खरडलं. लग्न होऊन ती या घरात आली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे बाकीच्यांना जे दिसेनासं झालं होतं ते तिला अजून दिसत होतं.

दिसण्यासारखं होतंही बरंच. खाली दोन खोल्या. पुढच्या खोलीत थोरले लाकडाचं बघत: सांगाडा, पाय, पाठ, हात, सगळे सांधे. मागच्या खोलीत धाकटे बैठकीचं बघत: पट्टे, भरण, गादी, वरचं कापड. मधल्या भिंतीत एक दार होतं. त्या दाराला मागच्या बाजूनं धाकट्यांनी कडी घातली होती आणि पुढच्या बाजूनं थोरल्यांनी हत्यारांचं कपाट उभं केलं होतं. दोन्ही एकाच संध्याकाळी झालं, आणि आधी कडी की आधी कपाट, यावर घरात आजवर एकमत नव्हतं. तेव्हापासून खुर्ची पुढच्या खोलीत तयार झाली की पुढच्या जिन्यानं वर येई, स्वयंपाकघरात थांबे, मागच्या जिन्यानं खाली उतरे, गादी घालून घेई, पुन्हा मागच्या जिन्यानं वर, पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा पुढच्या जिन्यानं खाली पॉलिशला. एवढा द्राविडी प्राणायाम करून ती गिऱ्हाइकाकडे जाई. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. हळूहळू एकेका मुलाला खुर्ची उचलता येऊ लागली आणि तो वाहू लागला, एवढंच.

शेवटी वाहणारा उरला होता तो धाकट्यांचा मुलगा, सूनबाईचा नवरा. तो गेल्या आठवड्यात वाचनालयाची खुर्ची घेऊन मागच्या जिन्यावरून घसरला. खुर्ची वाचली, घोटा मोडला. आता तो प्लास्टरमधला पाय दुसऱ्याच्या खुर्चीवर ठेवून, तिसऱ्याच्या खुर्चीवर बसला होता.

दुसऱ्याची, तिसऱ्याची, हे शब्दशः. खुर्च्या करणाऱ्या या घरात घरची म्हणून एकही खुर्ची नव्हती. लागलीच नाही कधी. स्वयंपाकघरात कायम कोणाकोणाच्या खुर्च्या मुक्कामाला असत. डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून लेकीनं पाढे पाठ केले होते, आणि एका निवृत्त कप्तानाच्या डुलत्या खुर्चीत वहिनींनी आईवेगळ्या पुतण्याला झोपवलं होतं. खुर्ची गेली की वाईट वाटे, आणि दुसऱ्या दिवशी नवी येई.

"हं, आता सगळ्यांनी इकडे बघा," सूनबाई म्हणाली. "आमच्या वर्गात बाई सांगतात, काम जसं व्हायला हवं तसं काढू नका. जसं होतं तसं काढा. आधी आहे तसा नकाशा, मग हवा तसा."

दवाखान्याच्या कचेरीतली नोकरी सांभाळून ती संध्याकाळच्या एका वर्गाला जात होती. तिथे कचेऱ्यांतली, कारखान्यांतली कामं कागदावर मांडून कुठे अडतं ते शोधायला शिकवत. वर्गातल्या बाकीच्यांनी बँका आणि गोदामं घेतली होती. हिनं सासर घेतलं.

"याला म्हणायचं प्रोसेस," थोरले स्वतःशीच म्हणाले. "आमच्या वडलांनी जन्मभर खुर्च्या केल्या. त्यांना कळलंही नाही, आपली प्रोसेस चाललीय."

"मोठे बाबा, फक्त दहा मिनिटं. जो जो माणूस खुर्चीला हात लावतो त्याचा एक आडवा पट्टा. हा पुढच्या खोलीचा, हा मागच्या खोलीचा. चौकोन म्हणजे काम. टोकावर उभा केलेला चौकोन म्हणजे काहीतरी ठरवायचं आहे. बाण म्हणजे खुर्ची कुठून कुठे जाते ते. आणि निळी चिठ्ठी म्हणजे खुर्ची नुसती पडून आहे, वाट बघतेय."

ती एकेक चिठ्ठी लावत गेली. सांधे जुळवणं, सरस वाळणं, पट्टे ताणणं. वहिनी चहाचं आधण ठेवता ठेवता बघत होत्या. वरचा पट्टा भरला, खालचा भरला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मधोमध आणखी एक पट्टा आहे आणि तो बाकी दोन्हींपेक्षा रुंद आहे. सगळे बाण त्यातून जात होते. निळ्या चिठ्ठ्याही जवळजवळ सगळ्या तिथेच होत्या. त्या पट्ट्याच्या सुरुवातीला सूनबाईनं सुबक अक्षरात लिहिलं होतं: मोठ्या आई.

वहिनींना एकदम लाजल्यासारखं झालं. आपलं नाव भिंतीवर लागण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, मग ते नाव नसून नातं का असेना.

"मला लहानपणी काय वाटायचं सांगू?" पुतण्या म्हणाला. "मला वाटायचं खुर्ची शिजवावी लागते. म्हणून तर ती स्वयंपाकघरात येते. शाळेत बाईंनी विचारलं खुर्ची कशी बनते, मी सांगितलं, आधी कापतात, मग वर नेऊन शिजवतात."

सगळे हसले. थोरलेही हसले, धाकटेही हसले, आणि दोघांच्या हसण्याची ढब तंतोतंत एक आहे हे सूनबाईला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तिनं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नकोस.

पण पोरगी रंगात आली होती. "आणि हे सगळ्यात गमतीचं," ती मधल्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली. "बाई म्हणतात, नुसती वस्तूच नाही, निरोपही कुठून कुठे जातो ते लिहा. मी आठवडाभर लिहिले. इथे निघालेला निरोप एक असतो आणि पोचलेला दुसराच. हा बघा. पुढच्या खोलीतून निघाला: 'मागचा पाय चिरला त्याच्या खिळ्यानं, त्या गाढवाला डोळे आहेत का विचार.' मागच्या खोलीत पोचला: 'भाऊजी, खिळा जरा आत घ्याल का?'"

वहिनींच्या हातातली चिमटीभर चहाची पूड आधणात न पडता ओट्यावर पडली.

"मागच्या खोलीतून निघाला: 'म्हाताऱ्याला म्हणावं, तिरकी पाठ करायची तर गिऱ्हाईकही तिरकं आण.' पुढच्या खोलीत पोचला: 'पाठ फार छान झालीय, जरा सरळ असती तर...'"

"सूनबाई," वहिनी म्हणाल्या, "चहा घेऊ या आधी."

सूनबाई थांबली. आपण काय वाचलं ते तिला आत्ता उमगलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. लेक कपाळाला हात लावून बसली. वहिनींना वाटलं, संपलं. इतकी वर्षं दोन्हीकडच्या काट्यांना आपण मऊ गादी घालत आलो, ती आज भर दुपारी उसवली.

आधी बोलले ते धाकटे. "वहिनी, ते मधलं दार आहे. भिंत नाही." ते जमिनीकडे बघत होते. "लाकडाच्या फळीपलीकडून माणूस ओरडला तर ऐकू येतं. मला गाढव कायम ऐकू येत आलंय."

"मग?" वहिनींच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मग काय. ऐकायचं आणि तुम्ही यायची वाट बघायची. तुम्ही काय सांगाल त्याची मला उत्सुकता असायची. तुमच्या तोंडून आलं की बरं वाटायचं."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. थोरले खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे तिकडे बघत होते. "म्हातारा मीही ऐकलाय," ते पुटपुटले. "सारखाच."

म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही आपापल्या बाजूनं कान लावून ऐकत होते आणि वर पुन्हा गोड निरोपाची वाट बघत होते. वहिनींना हसावं की रडावं ते कळेना. त्यांनी मुकाट्यानं चहा गाळला.

चहा झाल्यावर लेकीनं विचारलं, "पण हे सगळं आत्ताच कशाला? याचा पाय बरा होईल की."

"तोवर वाचनालय थांबणार नाही, ताई," सूनबाई म्हणाली. "ग्रंथपाल परवा येऊन गेले. वाचनाची खोली नव्यानं उघडायची आहे. आपल्याच्यानं होत नसेल तर त्या खुर्च्या मोडीत काढून ते प्लॅस्टिकच्या घेणार आहेत."

त्या खुर्च्या म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. वहिनींच्या सासऱ्यांनी, ऐन उमेदीत, या खालच्याच खोल्यांत त्या घडवल्या होत्या. पुढची खोली भरून त्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर सासऱ्यांच्या पटाशीची खूण होती. प्लॅस्टिक हा शब्द ऐकून थोरल्यांचा जबडा आवळला. मागच्या दारात धाकट्यांचाही आवळला.

"वर नेणारा माणूस नाही म्हणून अडलंय," सूनबाई म्हणाली, "पण वर न्यायचंच कशाला? हा बघा दुसरा नकाशा." तिनं शेजारी दुसरा कागद लावला. त्यावर दोनच पट्टे होते. वरचा चौकोन, खाली सरळ बाण, खालचा चौकोन, वर सरळ बाण. निळी चिठ्ठी एकच, सरस वाळण्याची. कागद अर्धा मोकळाच राहिला होता. "दार उघडलं की झालं."

वहिनी त्या कागदाकडे बघत राहिल्या. पट्टे दोन. त्यांनी पुन्हा मोजले, जणू मोजल्यानं तिसरा निघणार होता.

जे त्यांना दिसलं ते लेकीलाही दिसलं. "वा गं," लेक म्हणाली. "आईला पुसूनच टाकलंस की!"

"ताई, तसं नाही..."

"मग कसं? अख्खा जन्म तिनं इथे उभ्यानं काढला. या टेबलाशी आमचं लहानपण गेलं. मी सासरहून येते ते हे बघायला, आज कोणाची खुर्ची आलीय, कोणत्या कापडाची. आणि तू एका रविवारी म्हणतेस, नकोच."

"तू येतेस, बघतेस आणि जातेस," पुतण्या बायकोच्या बाजूनं म्हणाला. "जिना मी चढतो."

"मी पण चढलेय! तुझ्याआधी मीच चढत होते."

"म्हणून तर सांगतोय. उद्या आमचं पोर चढेल. त्यानं विचारलं, का चढायचं, तर काय सांगू? शिजवायला नेतोय म्हणून?"

सूनबाईचे डोळे भरून आले होते. तिनं घाईघाईनं एक पिवळी चिठ्ठी लिहिली आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये धरली. "मोठ्या आई, मी चुकले. हे बघा, इथे एक पायरी ठेवते. तपासणी. दिवसातून एकदा सगळ्या खुर्च्या तुम्ही खाली येऊन तपासायच्या."

वहिनींनी हात पुसले आणि ती चिठ्ठी तिच्या हातातून घेतली. "तपासणी कसली गं? मी नुसती बसायचे आणि म्हणायचे, ठीक आहे. एकही खुर्ची मी कधी परत पाठवली नाही. उगाच मन राखायला चौकोन नको काढूस. खोटा नकाशा काढलास तर तुझ्या बाई रागावतील."

त्यांचा आवाज शांत होता, पण आत काहीतरी हललं होतं. त्या मागच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या या घरात नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा सगळ्यात आधी त्यांना ऐकू आला होता तो आवाज. मधलं दार सताड उघडं असे. दोन भाऊ दिवसभर भांडत, आणि भांडता भांडता हसत. गादी जाड की पातळ, पाय उंच की ठेंगणे, कापड निळं की हिरवं, कशावरून म्हणाल त्यावरून. सांगाडा तयार झाला की थोरले दारावर लाकडी हातोडीनं दोनदा ठोकत, आणि आतून धाकटे ओरडत, "आलो रे दादा!" वर सासरे जेवता जेवता म्हणत, कारखाना चालू आहे. घरात आवाज असला की कारखाना चालू. नव्या नवरीला पहिले आठ दिवस वाटलं, आपण भांडकुदळ घरात पडलो. नवव्या दिवशी दोघं गावाला गेले आणि घर इतकं गप्प झालं की तिला करमेना.

मग सासरे गेले, आणि पाठोपाठ ती नाटकगृहाच्या मालकाची खुर्ची आली. मालक बुटका, पण त्याला गादी हवी जाडजूड. थोरल्यांनी नेहमीच्या मापाचे पाय कापले. धाकट्यांनी मालकाच्या आवडीची जाड गादी घातली. एकानं दुसऱ्याला विचारलं नाही, कारण वडील गेल्यापासून दोघंही आपापल्या दुःखात तोंड मिटून काम करत होते. मालक चार माणसांसमोर खुर्चीवर बसला आणि त्याचे पाय जमिनीला टेकेनात. ते हवेत लोंबकळू लागले. माणसं हसली. मालक लाल झाला. थोरले बोलून गेले, "गादीवाल्याला माप कळत नाही." धाकटे बोलून गेले, "बाबा असते तर पाय कापणाऱ्याला विचारायला शिकवलं असतं." बाबांचं नाव मध्ये यायला नको होतं. त्या संध्याकाळी कडी लागली आणि कपाट सरकलं.

दुसऱ्या दिवशी एक सांगाडा पुढच्या खोलीत अडून बसला, तो वहिनींनी स्वतः उचलून वर आणला आणि टेबलाशी ठेवला. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, असं त्या स्वतःशी म्हणाल्या होत्या. राग निवळेल. पण त्यांनी सगळं इतकं सोयीचं करून दिलं की राग निवळायची कोणाला गरजच पडली नाही.

त्या खिडकीपासून वळल्या. "दोन-चार दिवसांसाठी मांडलं होतं हे टेबल मी," त्या म्हणाल्या. "ते दिवस आज संपले. चला खाली. कपाट सरकवू."

"आई!" लेक म्हणाली.

"तूही चल. हात लाव. आठवणी नंतर बसून काढ."

कपाट हलायला कबूल नव्हतं. लेक, सूनबाई आणि थोरले, तिघं मिळून रेटत होते आणि पुतण्या प्लास्टर सांभाळत जिन्याच्या पायरीवरून हुकूम सोडत होता. रंधे, करवती, पटाश्या काढून जमिनीवर मांडल्या तेव्हा कुठे ते कुरकुरत बाजूला झालं. मागे दार होतं. रंग अजून नवा, कारण त्याच्यावर ऊन पडलंच नव्हतं.

थोरल्यांनी दार ढकललं. हललं नाही. कडी पलीकडून होती.

धाकटे मागच्या जिन्यानं आपल्या खोलीत उतरले होते, एवढं सगळ्यांनी बघितलं होतं. पलीकडून काही आवाज नव्हता. थोरले मागे वळले आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "अगं, त्याला सांग, कडी काढ."

वहिनींनीही सवयीनं पाऊल उचललं. पुढचा जिना चढायचा, स्वयंपाकघर ओलांडायचं, मागचा जिना उतरायचा आणि सांगायचं, भाऊजी, जरा कडी काढता का? दोन पायऱ्या चढल्यावर त्यांचा गुडघा कळवळला. त्या पुतण्याशेजारी पायरीवरच बसल्या.

"मी नाही जाणार," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही जाणार. दार तुमच्या नाकासमोर आहे. तुमचं तुम्ही बघा."

इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. पुतण्यानं हळूच त्यांचा हात धरला. थोरले कधी बायकोकडे, कधी दाराकडे बघत राहिले. भावाशी बोलायची सवयच मोडली होती. शेवटी त्यांनी खाली वाकून जमिनीवरची लाकडी हातोडी उचलली आणि दारावर दोनदा ठोकली.

पलीकडून लगेच कडीचा आवाज आला, इतका लगेच की माणूस हात कडीवर ठेवूनच उभा असणार. कडी निघेना. गंजली होती. धाकटे धडपडत होते, ते ऐकू येत होतं. थोरल्यांनी क्षणभर ऐकलं, मग तेलाची बुटकी बाटली आडवी करून दाराखालच्या फटीतून पलीकडे सरकवली. मग कडी करकरली आणि दार उघडलं.

दोघं भाऊ समोरासमोर उभे होते. दोघांचेही हात तेलानं आणि धुळीनं काळे. धाकट्यांनी दादाच्या खांद्यावरून पुढच्या खोलीत बघितलं आणि थोरल्यांनी भावाच्या खांद्यावरून मागच्या.

"वहिनी," अखेर धाकटे म्हणाले, "यांना सांगा, बाबांचं बाक यांनी खिडकीखाली घेतलं ते बरं केलं. उजेड चांगला येतो."

"अगं, त्याला सांग..." थोरल्यांनी सुरुवात केली.

सूनबाईनं निराशेनं नवऱ्याकडे बघितलं. दार उघडलं होतं, पण बाण अजून जिन्यावरूनच जात होता.

तरी त्या संध्याकाळी काम सुरू झालं. वाचनालयाच्या खुर्च्या एकेक करून सरळ दारातून पलीकडे गेल्या. वर मुक्कामाला असलेल्या दोन-तीन खुर्च्याही लेकीनं खाली पोचवल्या, कारण त्यांचीही कामं बाकी होती. वहिनी वर गेल्या आणि स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. टेबल होतं. टेबलाभोवती काही नव्हतं. फरशीवर जिथे खुर्च्यांचे पाय घासत, तिथे पांढुरके चट्टे पडले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि त्यांना या घरात बसायला जागा नव्हती.

त्या थोडा वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग पदर खोचून, गुडघ्यावर हात ठेवत, पुढच्या जिन्यानं सावकाश खाली उतरल्या. पुढच्या खोलीत थोरले पायाचा सांधा जुळवत होते. वहिनी त्यांना ओलांडून सरळ गेल्या आणि उंबऱ्यावर, उघड्या दारात, दोन्ही खोल्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"एक खुर्ची करायची आहे," त्या म्हणाल्या.

"कोणाची?" दोन्हीकडून आवाज आला.

"माझी."

थोरल्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. धाकटे खिळे तोंडात धरून होते, ते त्यांनी हातात काढून घेतले.

"घराची खुर्ची. गिऱ्हाइकाची नाही. ती वर जाईल आणि वरच राहील. गुडघे दुखतात माझे, त्यामुळे फार ठेंगणी नको. आणि टेकले की पाय जमिनीला लागले पाहिजेत. लोंबकळलेले मला चालणार नाहीत."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दामच म्हटलं. ते दोघांनाही बरोबर जाऊन लागलं. थोरल्यांची मान खाली गेली.

थोरले उठले. कोपऱ्यातली वडलांची एक खुर्ची त्यांनी दारात आणून ठेवली, बायकोला तिच्यावर बसवलं, आणि खाली बसून जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत माप घेतलं. पेन्सिलीनं पट्टीवर खूण केली. खूण करून ते तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच त्यांची नजर तिच्यावरून पुढे गेली, मागच्या खोलीत.

"गादी किती जाड घेणार आहेस?" त्यांनी विचारलं.

वहिनींची मान सवयीनं डावीकडे वळली. त्यांनी तोंड उघडलं.

"दोन बोटं," धाकटे म्हणाले. "पण भरण बसतं रे दादा, वर्षभरात. तू पाय त्या हिशेबानं काप."

"बसतं म्हणजे किती बसतं? नीट सांग. तुझं बसतं ऐकून मी एकदा फसलोय."

"तू विचारलंच कुठे होतंस?"

"आता विचारतोय ना!"

आवाज चढत गेले. वरून लेक धावत जिन्याच्या तोंडाशी आली, काय झालं म्हणून. वहिनींनी उघडलेलं तोंड मिटलं आणि सासऱ्यांच्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "कारखाना चालू झालाय."